घरचा कॅमेरा आणि काळा कोट

मित्रांनो, ही हकिकत दोन हजार सतरा सालातली आहे. त्या वेळी मी दोन वर्षांचा होतो. तुमच्यात दोन वर्षांचे मूल बोबडे बोलते आणि जो तो त्याला कडेवर घेतो. आमच्यात दोन वर्षांचा म्हणजे उतारवयाला लागलेला. मी एक जुना फोन आहे, आणि तेव्हासुद्धा जुनाच होतो.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार कारखान्यात झाला. तिथे निळी टोपी घातलेल्या एका बाईने मला हातात घेतले, बारीक चौकटींच्या एका कागदासमोर धरले आणि माझ्या कॅमेऱ्यात त्या रेघा जशाच्या तशा दिसतात ना, ते पाहिले. मग तिने मान हलवली आणि मला पुढे सरकवले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. सरळ रेघ सरळ दाखवायची आणि वाकडी रेघ वाकडी, एवढेच मला तिथे शिकवले गेले.

खोक्यात बंद होण्याआधीच माझ्या पोटात काही मंडळी येऊन बसली होती. कॅमेरा, भिंग, विजेरी, गजराचे घड्याळ, टिपणवही. त्यांना कोणी बाहेरून आणले नव्हते. ती माझ्याबरोबर जन्मली आणि माझ्याच बरोबर म्हातारी झाली. त्यांचे रंग साधे होते, आणि कोणी त्यांचे कौतुक केल्याचे मला फारसे आठवत नाही.

मला विकत घेतले एका हौशी गृहस्थांनी. त्यांना मी जावईबापू म्हणेन, कारण माझ्या पुढच्या मालकीणबाई त्यांना तसेच म्हणत. जावईबापूंना नव्या अ‍ॅपचा भारी सोस. पाणी प्यायची आठवण करून देणारे, झोप मोजणारे, पावले मोजणारे, अशी इतकी अ‍ॅप त्यांनी माझ्यात भरली की मला धाप लागायची. एक तर बाकीची अ‍ॅप दिवसातून किती वेळ पाहिली, ते सांगणारे होते, आणि जावईबापू ते दिवसातून वीस वेळा पाहत. माणूस मात्र मनाने फार चांगला. दोन वर्षांनी त्यांनी नवा फोन घेतला. तेव्हा त्यांनी मला पुसून स्वच्छ केले, कारखान्यातून निघालो तसे आतून कोरे केले आणि आपल्या सासूबाईंना दिले.

सासूबाई रफू करत. मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी रफू पाहिले असेल कोण जाणे. कपड्याला भोक पडले की आपण ठिगळ लावतो किंवा कपडा टाकून देतो. रफू करणारा त्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा काढतो आणि त्या धाग्यांनी भोकाच्या जागी नवे कापड विणतो. उभा धागा, आडवा धागा, जसे मूळ कापड असेल तसे. काम नीट झाले तर भोक कुठे होते ते आईलासुद्धा सापडत नाही.

रस्त्यावरचे सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. त्यांची खोली इस्त्रीच्या दुकानावर होती. वर जायला चौदा उभ्या पायऱ्या. खोलीत एक मोठी खिडकी, खिडकीपाशी एक ठेंगणे टेबल, रिळांचे अठरा खण असलेले लाकडी कपाट आणि एक बिनहातांची खुर्ची. खुर्चीचे हात मावशींनीच कापून घेतले होते, कारण सुई ओढताना कोपर अडत असे. खालचे इस्त्रीवाले रोज सकाळी दुकान उघडले की जिन्यात तोंड घालून विचारत, "मावशी, आज कुणाच्या डोळ्यांना फसवताय?" आणि मावशी वरून म्हणत, "तुमच्या डोळ्यांना तर रोजच फसवते."

मावशींना हे काम त्यांच्या सासूबाईंनी शिकवले होते, आणि एक शिस्तही लावून दिली होती. काम झाले की कपडा घडी करून हातात द्यायचा नाही. गिऱ्हाइकाने तो अंगात घालायचा, खिडकीपाशी उभे राहायचे, आणि मावशी एकच शब्द म्हणत. "शोधा." गिऱ्हाईक बोट फिरवून रफूची जागा शोधायचे. सापडली तर मावशी कपडा उतरवून घेत आणि पुन्हा उसवत. सापडली नाही तर नुसत्या हसत. तीस वर्षांत त्यांचा एकही कपडा घरी जाऊन परत आला नव्हता.

मी त्यांच्या हातात आलो तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि डोळे दमू लागले होते. पहिल्याच दिवशी जावईबापूंनी माझ्यातले भिंग उघडून मला एका सदऱ्यावर धरले. माझ्या पडद्यावर सदऱ्याचे धागे दोरखंडासारखे दिसू लागले. मावशी बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, हे कुठून आणलेत? जावईबापू म्हणाले, आणायचे कशाला, ते आतच होते.

"म्हणजे घरचंच आहे," मावशी म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्या पोटातल्या मंडळींना नाव पडले, घरची माणसे.

मावशींनी आमच्याकडून काम करून घेण्याची एक पद्धत बसवली. कपडा आला की भोकाच्या शेजारचा चांगला भाग टेबलावर सपाट करायचा, कडेला मोजपट्टी ठेवायची आणि घरच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा. मोजपट्टी अशासाठी की किती जागेत किती धागे बसतात ते कळावे. मग मला रिळाच्या डब्याला टेकवून उभे करायचे आणि तो फोटो इतका मोठा करायचा की पडद्यावर नुसते धागेच दिसावेत. त्याला त्या नकाशा म्हणत. कुठला धागा कुणाच्या वरून जातो, कुणाच्या खालून, हे नकाशावर मोजायचे आणि सुई चालवायची. शेवटी भिंगातून एकदा नजर टाकायची. मित्रांनो, माझे ते दिवस फार सुखाचे गेले. दिवसभर उजेडात बसायचे, कामाला यायचे आणि संध्याकाळी चार्जरला लागून शांत पडायचे. यापेक्षा फोनला काय हवे?

दर रविवारी लेक आणि जावईबापू भेटायला येत. जावईबापूंना माझा रिकामा पडदा पाहवत नसे. सासूबाईंना एवढीशीच अ‍ॅप, म्हणजे त्यांना आपलीच हयगय वाटे. मग ते काहीतरी भरून देत. विजेरी असताना दुसरी विजेरी आणली, ती लावण्याआधी बुटांची जाहिरात बघावी लागे. पावले मोजणारे अ‍ॅप दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या मावशींना दर तासाला रागावत असे. मावशी मान डोलवत, छान आहे म्हणत आणि जावईबापू जिना उतरले की त्यांतल्या एकालाही हात लावत नसत. लेक विचारायची, मग नको म्हणून सांगत का नाहीस? तर म्हणायच्या, एवढ्या हौसेने करतात, मन कशाला मोडायचे.

बाहेरून आलेले सगळेच वाईट, असे मी म्हणणार नाही. लेक रोज दुपारी चेहरा दाखवून बोलायची, ते अ‍ॅपही बाहेरचेच होते, आणि मावशींचा त्याच्यावर जीव होता.

लेकीला आईची काळजी होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मावशींची एक पायरी चुकली. पडल्या नाहीत, पण गुडघा खरचटला. तेव्हापासून लेक सारखी म्हणू लागली, की आता पुरे झाले, आमच्याकडे चल, पूर्वेच्या खिडकीची खोली तुझ्यासाठी ठेवली आहे. ती प्रेमाने म्हणे, पण रोज म्हणे. एक दिवस मावशींनी सुई पिनांच्या उशीत खोचली आणि तिला शब्द दिला.

"ज्या दिवशी माझा एक कपडा परत येईल, त्या दिवशी मी सुई ठेवीन. तू म्हणशील तिथे येईन. तोवर हा विषय नको."

लेकीने ते मान्य केले. मी टेबलावरच होतो, मी ऐकले.

त्यानंतरच्या रविवारी जावईबापूंना सासूबाईंबरोबर फोटो काढायची लहर आली. माझ्या घरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो पाहून मावशींनी नाक मुरडले. ही मी नव्हेच, त्या म्हणाल्या. आरशात माझा भांग ह्या बाजूला असतो, इथे त्या बाजूला गेलाय. खरे तर जग त्यांना तसेच पाहत होते, पण आपला चेहरा माणूस जन्मभर आरशातच पाहतो, म्हणून खरा चेहरा परका वाटतो. जावईबापूंनी त्यावर तोडगा काढला. त्यांनी 'झगमग' नावाचे एक कॅमेऱ्याचे अ‍ॅप आणले. त्यात 'आरसा' नावाचे एक बटण होते. ते चालू केले की फोटो आरशातल्यासारखा उलटा निघे. शिवाय अंधारे सगळे उजळून निघे. फोटो पाहून मावशी खूश झाल्या. आता दिसते मी माझ्यासारखी, म्हणाल्या.

जाता जाता जावईबापूंनी एक गोष्ट केली. सासूबाईंना शोधावे लागू नये म्हणून त्यांनी झगमगला पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात आणून बसवले, जिथे घरचा कॅमेरा बसत असे. आणि घरच्या कॅमेऱ्याला मागच्या पानावर नेऊन ठेवले. मी काही बोलू शकत नव्हतो. बोलता आले असते, तरी काय सांगणार होतो? पुढे काय होणार हे मलाही कुठे माहीत होते.

मंगळवारी व्हायोलिनवाले सर आले. ते संगीतशाळेत शिकवत. येत्या रविवारी त्यांचा निरोपाचा कार्यक्रम होता आणि शाळेच्या मंचावर ते शेवटचे एकट्याने वाजवणार होते. अंगात त्यांना वडिलांचा काळा कोट घालायचा होता. वडीलही तोच कोट घालून वाजवत. पण व्हायोलिन टेकून टेकून डाव्या खांद्याखाली कापड विरले होते आणि बोटाच्या पेराएवढे भोक पडले होते. सर कोट टेबलावर ठेवताना दोन्ही हातांनी ठेवत होते. मावशी म्हणाल्या, उद्या संध्याकाळी घेऊन जा.

त्या कोटाची वीण तिरकी होती. म्हणजे कापडावर बारीक तिरप्या रेघा असतात, दोन धागे सोडून दोन धागे उचलत, एका बाजूला चढत जाणाऱ्या. काळ्या कापडावर काळ्या रेघा. मावशींच्या डोळ्यांना त्या दिसत नव्हत्या आणि भिंगातही नुसता काळोख दिसला. त्यांनी नेहमीप्रमाणे मोजपट्टी ठेवली आणि सवयीने बोट खाली उजव्या कोपऱ्यात टेकवले. कोपऱ्यातल्या छोट्या चित्राचा रंग वेगळा दिसला, पण जावयांनी रंगरंगोटी केली असेल, असे त्या पुटपुटल्या. झगमगने फोटो काढला. काळोखातले सगळे धागे लख्ख उजळून निघाले. मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी मला थोपटले. बाबा रे, आज तुझं कामात मन लागलंय, म्हणाल्या.

आरशाचे बटण चालूच होते. कोटाच्या रेघा डावीकडून उजवीकडे चढत होत्या आणि माझ्या पडद्यावर त्या उजवीकडून डावीकडे चढत होत्या. मोजपट्टीवरचे आकडेही उलटे झाले होते, पण फोटो मोठा करताना मोजपट्टी पडद्याबाहेर गेली. मावशी दोन दिवस माझ्याकडे बघून सुई चालवत होत्या. मी त्यांना उलटा नकाशा दाखवत होतो, आणि त्या माझ्यावर विश्वास ठेवून एकेक धागा मोजत होत्या. मित्रांनो, ते दोन दिवस मला अजून आठवतात.

बुधवारी संध्याकाळी कोट न्यायला सरांची बायको आली. आभाळ भरून आलेले होते. तिने कोट अंगावर घेतला, खिडकीपाशी उभी राहिली, बोट फिरवले. जागा सापडली नाही. मावशी हसल्या.

गुरुवारी सर स्वतः आले. फार संकोचाने आले. त्यांनी सांगितले, की काल मंचावर तालीम होती. वरच्या दिव्यात कोटावर डाव्या बाजूला एक फिकट डाग दिसू लागला. त्यांना वाटले, व्हायोलिनच्या गजाला लावतात त्या राळेची पूड पडली असेल, म्हणून ते झटकत राहिले. मग ओल्या फडक्याने पुसले. पुसूनही जाईना, तेव्हा लक्षात आले की तो डाग नाही. रेघा उलट्या बाजूला गेल्या की त्यांच्यावर उजेड वेगळा पडतो, हे मावशींना सांगायची गरज नव्हती. त्यांनी कोट खिडकीत नेला. त्या दिवशी ऊन होते. त्यांनाही डाग दिसला.

त्यांनी सरांना काही सबब सांगितली नाही. कोट राहू द्या, मी बघते, एवढेच म्हणाल्या. सर गेल्यावर त्यांनी कोट खिडकीत टांगला. मग मला उचलले आणि लेकीला फोन लावला.

"ये उद्या. दुकान आवरायचंय."

शुक्रवारी सकाळी लेक रजा घेऊन आली. बरोबर पुठ्ठ्याची खोकी आणली होती. तिला आनंद झाला असेल असे मला वाटले होते, पण ती आईच्या तोंडाकडे बघत नव्हती. दोघी रिळे काढू लागल्या. मावशींनी ठरवले होते, की कोट दुसऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे पाठवायचा आणि आपण सुई ठेवायची. डोळ्यांनी दगा दिला, असे त्या एकदाच म्हणाल्या.

खोकी उतरवायला इस्त्रीवाले वर आले. त्या दिवशी त्यांनी जिन्यातून हाक मारली नव्हती. त्यांची नजर खिडकीतल्या कोटावर गेली. कोट हातात घेऊन त्यांनी तो उन्हात इकडून तिकडे फिरवला. काळ्या कोटांना इस्त्री करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

"मावशी, हे तुमच्या डोळ्यांचं काम नाही," ते म्हणाले. "डोळे चुकले तर इथे एक धागा चुकेल, तिथे एक चुकेल. हे सगळंच्या सगळं उलटं आहे. चुकणारा माणूस इतका नेमका चुकत नाही."

मावशींनी ते मनावर घेतले नाही. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय, म्हणाल्या, आणि व्हरांड्याच्या नळावर हात धुवायला गेल्या. इस्त्रीवाले दोन खोकी घेऊन खाली उतरले. खोलीत लेक आणि मी, दोघेच उरलो.

लेकीने मला उचलले. पडद्यावर तो फोटो तसाच होता, नुसते धागे. तिने कोट जवळ ओढला आणि एकदा कोटाकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. मग दोन बोटांनी फोटो लहान केला. कडेची मोजपट्टी पडद्यात आली. तिच्यावरचे दोन आणि तीन पाठमोरे उभे होते.

मित्रांनो, मला माणसांच्या मनातले कळत नाही. पण बोटांतले कळते. फोटोच्या खाली कचऱ्याच्या डब्याचे एक छोटे चित्र असते. त्यावर बोट ठेवले की फोटो जातो. लेकीचा अंगठा त्या चित्रापासून नखभर अंतरावर थांबला होता. फोटो गेला असता तर कोणाला काही कळले नसते. आई तिच्या घरी आली असती, पूर्वेच्या खिडकीत बसली असती, चौदा पायऱ्या कायमच्या सुटल्या असत्या. तिला हवे ते सगळे एका बोटावर आले होते, आणि त्यात कुणाचे वाईट व्हावे असेही काही नव्हते. व्हरांड्यातला नळ बंद झाल्याचा आवाज आला. लेकीने अंगठा मागे घेतला.

"आई," लेकीने हाक मारली, "इकडे ये. हे बघ."

मावशींनी पदराला हात पुसले आणि मला डोळ्यांजवळ धरले. पाठमोरे आकडे त्यांना लगेच कळले. त्यांनी कोट पडद्याशेजारी धरून पाहिला. थोड्या वेळाने त्यांना हसू यायला लागले. माझ्या भांगाने घात केला, म्हणाल्या, आणि डोळे पुसू लागल्या. मग हसू थांबले.

"तू बोलली नसतीस तर मी आले असते गं तुझ्याकडे."

"माहीत आहे," लेक म्हणाली. "पण मग रोज सकाळी तुझ्या तोंडाकडे बघितलं कसं असतं मी?"

मावशी म्हणाल्या, की तरीही कपडा परत आला आहे आणि शब्द तो शब्द. त्यावर लेकीने वकिलासारखा मुद्दा काढला. परत आला तो कोट तुझा नव्हताच, तो आरशाचा होता. मावशींनी क्षणभर विचार केला आणि खोक्यातले एक रीळ काढून पुन्हा खणात ठेवले.

मग घाई झाली. कार्यक्रमाला दोन दिवस होते. लेकीने मागच्या पानावरून घरच्या कॅमेऱ्याला शोधून काढले आणि त्याच्या जुन्या कोपऱ्यात बसवले. मावशींनी केलेले रफू धागा धागा उसवले. कोटाच्या आतल्या शिवणीतून नवे धागे काढले. पण काळोख तसाच होता, घरच्या कॅमेऱ्याला तो उजळता येत नव्हता. तेव्हा लेकीने आपल्या फोनची विजेरी कापडाला चिकटवून आडवी धरली. तिरप्या उजेडात रेघांना सावल्या पडल्या आणि त्या दिसू लागल्या. फोटो निघाला. आकडे सरळ होते. नंतर लेक माझ्याजवळ बसून मोजत राहिली, दोन सोड, दोन उचल, दोन सोड, दोन उचल, आणि मावशींची सुई त्या तालावर चालत राहिली. लहानपणी ती अशीच बसून पाढे म्हणायची, असे मावशी मध्येच म्हणाल्या. शनिवारी दिवेलागणीला काम संपले. मावशींनी विजेरी आडवी धरून घरच्या भिंगातून एकेक रेघ तपासली आणि मला टेबलावर ठेवले.

शनिवारीच जावईबापू आले. त्यांना सगळे कळले होते आणि ते कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. त्यांनी मला घेतले आणि स्वतः आणलेली अ‍ॅप एकेक करून काढून टाकली. मावशींनी त्यांना एक अ‍ॅप आणि एक फोटो ठेवायला सांगितले. अ‍ॅप लेकीशी बोलायचे, आणि फोटो सासू-जावयाचा, ज्यात भांग आरशातल्या बाजूला होता.

"जावईबापू, तुम्ही मला माझ्यासारखी केलीत," त्या म्हणाल्या. "कोट मध्ये आला, त्याला तुम्ही काय करणार?"

रविवारी सकाळी सर आले. लख्ख ऊन होते. त्यांनी कोट घातला, खिडकीत उभे राहिले आणि मावशी म्हणाल्या, "शोधा." सरांनी डोळे मिटले. व्हायोलिन धरतात तशी हनुवटी खाली केली आणि उजव्या हाताचे बोट खांद्याखाली हळूहळू फिरवले. फिरवतच राहिले. मग डोळे उघडून मान हलवली. या वेळी मावशी हसल्या नाहीत, त्यांनी कोटाची कॉलर सारखी केली. खालून इस्त्रीवाल्यांचा आवाज आला, मावशी, आज कुणाच्या डोळ्यांना फसवलंत?

पुढचे थोडक्यात सांगतो. सर निवृत्त झाले आणि घरी मुलांना शिकवू लागले. तो कोट आजूबाजूने झिजला, पण रफूची जागा अजून टिकून आहे, असे त्यांनी कळवले. इस्त्रीवाल्यांनी गुडघे दुखू लागल्यावर दुकान भाच्याला दिले, पण उन्हात कपडा फिरवून बघायची सवय गेली नाही. झगमग बनवणाऱ्यांनी दोन वर्षांनी ते बंद केले. ज्यांच्याकडे ते अजून आहे, त्यांना आता कोरे पान दिसते.

मावशींनी आणखी चार वर्षे काम केले. मग एक दिवस जावईबापूंची पँट रफू केली आणि त्यांना शोधायला सांगितले. जावईबापूंचे बोट गुडघ्यापाशी एका जागी थबकले, आणि पुढे सरकले. नाही बुवा सापडत, ते म्हणाले. पण त्यांना खोटे बोलता येत नाही, चेहऱ्यावर लगेच दिसते. मावशींनी सुई पिनांच्या उशीत खोचली, लेकीला फोन लावला आणि पूर्वेची खिडकी अजून रिकामी आहे का, ते विचारले. चौदा पायऱ्या त्या स्वतः उतरल्या, कठड्याला धरून, एकही न चुकता.

आता त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. लेक सुट्टीच्या दिवशी रफू शिकते. पहिला सदरा तिने आईला घालायला लावला आणि म्हणाली, शोध. मावशींचे बोट तिसऱ्याच फेरीला थांबले. इथे, एक धागा ओढलायस, उसव. लेक हसत हसत उसवायला बसली.

आणि मी? माझी बॅटरी आता अर्धा दिवसही पुरत नाही. माझ्यावरून कोणी फोन करत नाही. मावशींच्या उशाशी मी पडून असतो. सकाळी गजर वाजवतो, आणि दुपारी त्या वर्तमानपत्र वाचायला भिंग उघडतात.

मित्रांनो, तुमच्या हातात माझ्याहून खूप देखणे फोन असतील. त्यांत नवे काही भरायचे असेल तर जरूर भरा. पण त्याआधी एकदा मागचे पान उलटून बघा. तिथे साध्या रंगाचे कोणीतरी पहिल्या दिवसापासून बसलेले असते आणि आपल्याला विचारतील म्हणून वाट पाहत असते. बाहेरून कुणाला बोलावण्याआधी आत एक हाक मारा. बहुतेक वेळा घरातूनच 'ओ' येते.